माहिती मागणारा नक्की कोण?

'माझी सगळी माहिती पाठवा, नाहीतर तक्रार करतो' अशा मेलला घाबरू नकोस, पण डिलीटही मारू नकोस; मागणी खरी असू शकते. कोथरूडमधून तुझ्या साड्या थेट जर्मनीतल्या ग्राहकांना जातात, म्हणजे जीडीपीआर, हा युरोपियन युनियनचा वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा, आलाच: महिन्याभरात उत्तर, पण ओळखीबद्दल रास्त शंका असेल तर आधी खात्री करायची मुभा. ऑर्डरच्या वेळी नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन कर. मेलमधल्या नंबरवर नको, तिथे भामटाच उचलणार! शेवटची ऑर्डर कोणती, ते विचार. पासपोर्टची झेरॉक्स उगाच मागू नकोस. तीही मग तुलाच सांभाळावी लागेल. आणि खात्री होईपर्यंत 'हो, त्या आमच्या ग्राहक आहेत' एवढंही बोलू नकोस. घर सोडून गेलेल्या बायकोचा पत्ता शोधणारा नवराही असा मेल टाकू शकतो.