मुलाला कुस्तीच्या तालमीत घालतोय, आधी कोणते शब्द शिकवू?

मुलगा बारा वर्षांचा, वस्तादांचं बोलणं कळावं म्हणून डावांच्या नावांची यादी हवी, असं तुम्ही विचारलंय. यादी पाठ करून घेऊ नका. ढाक, मोळी, कलाजंग, भारंदाज ही नावं डाव अंगावर पडला की कायमची लक्षात राहतात. शिकवायचेच असतील तर लढतीत वस्ताद जे ओरडतात ते शब्द शिकवा: खडाखडी (उभ्यानं हात भिडवून एकमेकांना अजमावणं), पट काढ (समोरच्याचा पाय धरून त्याला खाली आण), कब्जा घे (त्याच्या मागे जाऊन पकड घे), तोड कर (त्याच्या डावाला उलट डाव कर).

यातल्या ‘कब्जा घे’वरून माझं एका कोचशी वाजलं होतं, ते अजून मिटलेलं नाही. कॉलेजात असताना आमच्या खोलीवरचा एक पोरगा विभागीय स्पर्धेत उतरला. पक्का मातीतला, मॅटवर नवखा. खडाखडीतच त्यानं सुरेख एकेरी पट काढला, समोरचा गुडघ्यांवर आला. कोच ओरडतायत, “गो बिहाइंड! गो बिहाइंड!” आणि हा पाय तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघतोय. मला राहवलं नाही. प्रेक्षकांतून बोंबललो, “अरे कब्जा घे की!” पोरगा गर्रकन मागे गेला. 2 गुण.

कुस्ती झाल्यावर कोचनी मलाच झापलं. तालमीची भाषा तालमीत ठेवा, म्हणाले, असल्यानंच आपली पोरं मागे पडतात. तो पोरगा पुढे गुणांवर हरला, तेही ऐकवायला विसरले नाहीत. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, की धापा टाकणाऱ्या पैलवानाला मनात भाषांतर करायला सवड नसते. पट काढणं आणि ‘सिंगल लेग’ मारणं यात फरक काय? आठ वर्षं ज्या शब्दांवर पोरगं वाढलं ते स्पर्धेच्या दिवशी बदलायचे, ही कसली कोचिंग? खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन आले, ते गोळेश्वर आणि कोल्हापूरच्या मातीत घडलेले पैलवान. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन गट असतात, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. मातीच्या भाषेला अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा तालमीतल्या मातीच्या हौदात उतरून बघावं.

आता कोचच्या बाजूचंही थोडं सांगतो, नाहीतर तुमच्या मुलाचं नुकसान व्हायचं. मातीत पोटावर पडून राहिलं तरी बिघडत नाही, पाठ लागेपर्यंत कुस्ती चालू. मॅटवर तसं नाही. खाली घेऊन मागून कब्जा घेतला की 2 गुण, पाय वर्तुळाबाहेर गेला की समोरच्याला 1 गुण, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताच निकाल. त्यामुळे मॅटवर खेळणार असेल तर पंचांचे इंग्रजी शब्द आणि हातांच्या खुणा त्याला यायलाच हव्यात. ते पहिल्या स्पर्धेआधी शिकवा, पहिल्या दिवशी नको.

डावांची नावं गावागणिक थोडी बदलतात. तुमचे वस्ताद म्हणतील तेच धरा, माझं उत्तर दाखवून त्यांच्याशी वाद घालू नका. माझा एक चालू आहे तेवढा पुरे.