कार्डं छापून झाली, आता पुढे काय?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र थोडक्यात असं आहे. मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षं तो घरातल्या टेबलावर ओळखीपाळखीच्या लोकांचे लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्त करतोय. आता वर्गातला एक मित्र पैसे घालायला तयार झालाय आणि दोघांना ‘कंपनी काढायची’ आहे. नाव ठरलंय, लोगो झालाय, पाचशे व्हिजिटिंग कार्डंसुद्धा छापून आली आहेत. तुमचे प्रश्न तीन आहेत. परवाने कुठले लागतात? आधी नोंदणी करायची की आधी धंदा? आणि कर्जासाठी तुम्ही जामीन राहायचं का?

कार्डं आधी छापण्यात नवल काही नाही, सगळे तेच करतात. पण मुलाला माझा पहिला प्रश्न कागदांचा नाही. गेल्या तीन महिन्यांत किती दुरुस्त्या केल्या आणि प्रत्येकीमागे हातात काय उरलं, हे त्याने कुठे लिहून ठेवलंय का? नसेल तर आज रात्री आठवून लिहायला सांगा. समजा एका दुरुस्तीचे सरासरी १०० मिळतात आणि त्यातले ४५ सुट्या भागांत जातात. उरले ५५. जागेचं भाडं, वीज, इंटरनेट, हत्यारांची झीज मिळून महिन्याचा बांधील खर्च २२०० असेल, तर ४० दुरुस्त्या झाल्यावर धंदा बरोबरीत येतो. पण या हिशेबात मुलं एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे स्वतःची मजुरी. ती ३३०० धरली की आकडा ४० वरून थेट १०० वर जातो. महिन्याचे २५ दिवस काम धरलं तर रोज चार. चार गिऱ्हाइकं रोज दारात येतील का, आणि आली तर एकट्याच्या हातून चार कामं उरकतील का, हे त्याच्या दोन वर्षांच्या अनुभवावरून त्याला सांगता यायला हवं. शिवाय वॉरंटीत परत आलेली दुरुस्ती फुकटच करावी लागते, ती वेगळी धरा.

आता नोंदणी. व्यवसायाचा साचा ढोबळमानाने तीन प्रकारचा असतो: एकट्याची मालकी, भागीदारी आणि मर्यादित जबाबदारीची कंपनी. एकट्याच्या मालकीत कागद सर्वांत कमी, पण धंद्याचं देणं ते तुमचं देणं. साध्या भागीदारीतही तेच, वर आणखी एक मेख आहे: धंद्याच्या कामासाठी एका भागीदाराने केलेली सही दुसऱ्यालाही बांधते. मित्राने उधारीवर स्क्रीनची पेटी मागवली, तर पुरवठादार पैसे मागायला तुमच्या मुलाकडेही येऊ शकतो.

कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती. लंडनमध्ये ॲरन सॉलोमन नावाचे बूट बनवणारे व्यावसायिक होते. त्यांनी १८९२ मध्ये आपल्या धंद्याची कंपनी केली. भागधारक म्हणजे ते स्वतः, पत्नी आणि पाच मुलं. २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्यांच्या एकट्याच्या नावावर. कंपनी बुडाल्यावर लोक म्हणाले, ही कंपनी कसली, हा तर सॉलोमनच आहे. १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की कंपनी रीतसर नोंदलेली आहे, म्हणजे ती वेगळी आहे आणि तिची देणी सॉलोमन यांच्या खिशातून वसूल करता येणार नाहीत. कितीतरी देशांचा कंपनी कायदा आजही या निकालावर उभा आहे. मात्र या कवचाची किंमत मोजावी लागते. दरवर्षी विवरणपत्रं, हिशेब, ठराव, उशीर झाला की दंड, आणि धंदा बंद करतानाही पुन्हा कागद. महिन्याला तीसेक दुरुस्त्या होत असताना हे कागदी घोडे कशाला नाचवायचे? माझं मत विचाराल तर दोघांनी सहा महिने साध्या साच्यात काम करावं. मोठ्या ऑफिसांची कामं यायला लागली, उधारी वाढली किंवा माणूस ठेवायची वेळ आली, की कंपनी करावी. ‘साधा साचा’ म्हणजे बेकायदा नव्हे. जिथे राहता तिथे छोट्या व्यवसायाला जी किमान नोंदणी सांगितली असेल, ती पहिल्या दिवसापासून हवीच.

एक कागद मात्र आजच हवा, आणि त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. दोन मित्रांमधला करार.

मी नोकरीला लागण्याआधी एका मित्राबरोबर शिकवणी काढली होती. करार वगैरे नव्हता, चहाच्या टेबलावर ‘अर्धं अर्धं’ ठरलं, झालं. दीड वर्षाने बिनसलं. बोर्ड मी उतरवला, बाकं त्याने नेली, आणि मग लक्षात आलं की जाहिरातीत छापलेला फोन नंबर त्याच्या नावावर आहे. पुढचे कित्येक महिने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांचे फोन त्यालाच जात राहिले. भांडण पैशांवरून झालं असतं तर सोडवता आलं असतं. नंबरवरून झालेलं भांडण कधी मिटलंच नाही.

म्हणून मुलांनी हे लिहून काढावं: पैसे कोणाचे, किती, आणि ते भांडवल म्हणून की उसने? हातकामाला महिन्याचा पगार की फक्त नफ्यात वाटा? ही नोंद नसेल, तर अनेक देशांच्या भागीदारी कायद्यात नफा-तोटा सारखाच वाटला जातो, मग रात्री दोन वाजेपर्यंत सोल्डरिंग कोणी केलं याला महत्त्व उरत नाही. कोणत्या रकमेपुढे दोघांच्या सह्या लागतील? अर्धा-अर्धा वाटा असताना मत फुटलं तर कोणाचं चालेल? नाव, लोगो, फोन नंबर, सोशल मीडियाची खाती, वेबसाइटचा पत्ता कोणाच्या नावावर? आणि सर्वांत अवघड: परीक्षा झाल्यावर मित्राला नोकरी लागली तर? नव्या उद्योगांत रूढ असलेली एक पद्धत मला छोट्या धंद्यालाही योग्य वाटते. वाटा एकदम द्यायचा नाही, चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळेल असं ठरवायचं, आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी कोणी सोडून गेलं तर त्याला वाटा नाही, घातलेले पैसे तेवढे परत. हे बोलायला मुलं लाजतात. ‘आमचा एकमेकांवर विश्वास आहे,’ म्हणतात. विश्वास आहे तोवरच हा कागद सोपा जातो.

नाव ठरलंय म्हणता, पण ते मोकळं आहे का हे पाहिलंय? कंपनीच्या नोंदीत नाव मिळणं आणि ट्रेडमार्क, म्हणजे बाजारात ते नाव वापरण्याचा नोंदलेला हक्क, मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेडमार्कसाठी जगभर बहुतेक ठिकाणी नीस वर्गीकरण वापरतात. त्यात ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. दुरुस्ती ३७ व्या वर्गात येते. उद्या याच नावाने स्वतःचे चार्जर विकायचे झाले तर ९ वा वर्गही लागेल. आधी या दोन वर्गांत मिळतंजुळतं नाव शोधा. सापडलं तर पाचशे कार्डांचं दुःख करत बसू नका, बोर्ड लागल्यावर बदलण्यापेक्षा ते स्वस्तच आहे. आणि लोगो मैत्रिणीने काढून दिला असेल तर हक्क लेखी घ्या. नुसते पैसे दिले म्हणून कलाकृतीचा कॉपीराइट आपोआप आपला होतो असं बऱ्याच कायद्यांत नाही.

परवान्यांची एकच यादी सगळीकडे चालत नाही. त्यापेक्षा चार टेबलांवर विचारून या. व्यवसायाची नोंदणी करणाऱ्यांना विचारा, या कामाला वेगळा परवाना आहे का? स्थानिक पालिकेला विचारा, या जागेत धंदा चालतो का? (घरमालकाचा करारही उघडून बघा. त्यात ‘फक्त राहण्यासाठी’ असेल तर बाकी सगळं ठरवूनही उपयोग नाही.) कर खात्यात विचारा, विक्रीकर कोणत्या उलाढालीपासून लागू होतो? इथे शब्द नीट ऐका, उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर तुमचा नसतो, तो वेगळा ठेवायचा असतो. चौथं टेबल कामगार खात्याचं, ते पहिला पगारी माणूस ठेवाल त्या दिवशी. आणि बँकेत वेगळं खातं, अगदी पहिल्या कमाईपासून. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून गेला की वर्षअखेरीस हिशेब लागत नाही, आणि कंपनी केली असेल तर ते सॉलोमनचं कवचही पातळ होतं.

या धंद्यात खरा वाद गिऱ्हाइकाशी होतो, आणि तो एका चिठ्ठीने टळतो. मोबाइल हातात घेतला की आधी जॉबकार्ड: तारीख, १५ अंकी आयएमईआय नंबर (प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक), काचेला आधीपासून असलेला तडा, बॅकअप घेतलाय की नाही, अंदाजे खर्च, वस्तू किती दिवसांत न्यायची, आणि खाली गिऱ्हाइकाची सही. फोन सुरू होत असेल तर *#०६# दाबल्यावर तो नंबर पडद्यावर येतो. उद्या फोन चोरीचा निघाला तर हीच चिठ्ठी मुलाच्या बाजूने बोलेल. गिऱ्हाइकाचे फोटो उघडायचे नाहीत, पासवर्ड डायरीत लिहून ठेवायचे नाहीत. फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत आणि घरात साठवायच्याही नाहीत, त्यांना आग लागते. विमा काढताना ‘आमच्या ताब्यात असलेल्या दुसऱ्यांच्या वस्तू’ त्यात येतात का, हे तोंडी नको, लेखी विचारा. घराच्या विम्यात धंदा सहसा येत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. जामीन राहिलात की कंपनीचं कवच त्या कर्जापुरतं संपलं. सॉलोमन वाचले ते कायद्याने, पण बँकेला कायदा तुमच्याइतकाच पाठ असतो, म्हणूनच ती मालकांची आणि आईवडिलांची वैयक्तिक हमी मागते. हप्ते थकले तर बँकेने आधी मुलांच्या मागे लागावं, मग तुमच्याकडे यावं, असंही बहुधा नसतं. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. सुरुवातीला लागतं काय? चांगलं सोल्डरिंग स्टेशन, मायक्रोस्कोप, थोडे सुटे भाग. एवढ्यासाठी मित्राचे पैसे आणि दोन वर्षांची कमाई पुरली पाहिजे. पुरत नसेल तर जागा छोटी घ्या. तरीही मदत करावीशी वाटली, तर गमावली तरी घर हलणार नाही एवढी रक्कम उसनी म्हणून लिहून द्या.

आणि जामीन राहायचंच ठरवलंत, तर हमीची कमाल रक्कम आणि मुदत कागदावर हवी, ‘यापुढील सर्व कर्जांसाठी’ हे शब्द खोडलेले हवेत, आणि राहतं घर त्यात नको. बँकेतला माणूस ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे, इथे सही करा’ म्हणाला, तर कागद घरी घेऊन या, वकिलाला दाखवा आणि दुसऱ्या दिवशी जा.