पाईपपेक्षा बबल जाड कसा?

प्रश्न: सर, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी उभा अ‍ॅक्रिलिक पाईप लावलाय, आतून 25 मिमी, बाहेरून 32. खालून पाणी आणि हवा सोडतो आणि मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमने शूट करतो. मोठ्या बबलची रुंदी 30 मिमी भरतेय, पाईपच आतून 25 चा आहे! कडा पुसट येतात, काही फ्रेम उजळ तर काही काळपट. गाईड म्हणतात भारी कॅमेरा लागेल. खरंच?
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर: अरे, कॅमेऱ्याला कशाला दोष देतोस, तो जे दिसतंय तेच दाखवतोय. घरी काचेच्या बरणीत मिठाच्या पाण्यातलं लिंबू फुगलेलं दिसतं ना, तेच हे. पाण्याने भरलेला गोल पाईप म्हणजे भिंगच, आणि पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.33, म्हणून 23 मिमीचा बबल आडवा 30 च्या आसपास दिसतो. गंमत म्हणजे हे फक्त आडवंच ताणलं जातं, उभ्या दिशेत नाही, त्यामुळे तुझा बबलचा वेग बऱ्यापैकी बरोबर असणार, पण रुंदी आणि त्यावरून काढलेलं आकारमान सोडून दे.

उपाय स्वस्त आहे. पाईपभोवती सपाट अ‍ॅक्रिलिक शीटची चौकोनी पेटी सिलिकॉनने चिकटव, मासे पाळतात तशी, आणि त्यात पाणी भर, म्हणजे बाहेरची बाजू सपाट होऊन भिंगाचा परिणाम जवळपास जातो. मग पाईपात 10 मिमीच्या ड्रिल बिटची दांडी सोडून फोटो काढ आणि स्केल त्यावरून लाव, बाहेरच्या 32 वरून नको.

उजळ-काळपट भानगड लाईटची. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण 240 फ्रेमला कळतं. तापकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) 12 व्होल्टची एलईडी स्ट्रिप आण, बॅटरीवर चालव, पाईपच्या मागे लाव आणि मध्ये बटर पेपर. उजेड भरपूर झाला की शटर 1/2000 सेकंदावर ने, कडा लगेच धारदार होतील.

खात्री करायचीय? पाणी स्थिर ठेवून एकच मोठा बबल सोड (याला टेलर बबल म्हणतात). वेग साधारण 0.35 गुणिले √(gD), g म्हणजे गुरुत्व त्वरण आणि D म्हणजे पाईपचा आतला व्यास; हा गुणक दुमित्रेस्कू या संशोधकाने 1943 साली काढला. तुझ्या पाईपला सेकंदाला 17 सेंमीच्या जवळपास यायला हवा.

एक मात्र करू नकोस, छोटे बबल दाट झाले की व्हिडिओवरून हवेचं प्रमाण काढायला जाऊ नकोस, पुढचे मागच्यांना झाकतात. त्यासाठी वर-खाली दोन बॉल व्हॉल्व्ह लाव, हँडल एकाच सळईने जोड, झटक्यात बंद कर आणि आत किती पाणी उरलं ते मोज. पंपाला बायपास (व्हॉल्व्ह बंद असताना पाणी परत जायला दुसरी वाट) मात्र ठेव हं, नाहीतर होज निसटते आणि अख्ख्या लॅबची अंघोळ होते, आमची झालीये.