लेवी म्हटलं की याजक, असंच ना?

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारात इस्राएलाच्या 12 वंशांच्या गोष्टीत कधी 'लेवी' (त्यातल्याच एका वंशाचे लोक) तर कधी 'याजक' (देवासमोर अर्पणं करणारे पुरोहित) येतं. दोन्ही एकच का? आणि लेवींना जमीनच नव्हती तर खायचे काय? शिवाय त्यांना वगळलं तरी वंश 12 च कसे भरतात?

उत्तर : एकच नाहीत हो, इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. याजक सगळे लेवी वंशातले, पण लेवी सगळे याजक नाहीत. याजकपण फक्त पहिला महायाजक अहरोन याच्या वंशजांना, तेही बापाकडून. इस्राएलांना मिसरातून बाहेर काढणारा खुद्द मोशे अहरोनाचा सख्खा भाऊ, पण त्याची मुलं साधे लेवीच राहिली!

बाकीच्या लेवींकडे निवासमंडपाची, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या तंबूवजा मंदिराची कामं, त्यातही घराण्यानुसार वाटणी. गेर्षोनी पडदे न्यायचे, त्यांना 2 गाड्या 4 बैल, मरारींकडे फळ्या, खांब असलं जड सामान म्हणून 4 गाड्या 8 बैल, आणि कहाथींना एकही गाडी नाही कारण कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी) वगैरे पवित्र वस्तू खांद्यावरच न्यायच्या, त्यासुद्धा आधी याजकांनी झाकून दिल्यावर, तोवर बघायचंही नाही, नाहीतर मरण. म्हणजे वजन उचलायचं यांनी आणि आत काय आहे ते ठाऊक याजकांना. मोशे आणि अहरोनाविरुद्ध बंड करणारा कोरह कहाथीच होता, मला तरी त्यात नवल वाटत नाही.

जमिनीचं म्हणाल तर सलग प्रांत नव्हता, पण इतर वंशांच्या हद्दीत 48 नगरं आणि भोवतीची गायरानं मिळाली, त्यातली 13 याजकांची. लोकांचा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) लेवींना आणि त्या दशमांशाचा दहावा भाग लेवींनी याजकांना द्यायचा. 12 चा हिशोब सोपाय, लेवी वगळले की योसेफाच्या एका वंशाच्या जागी त्याची दोन मुलं एफ्राईम आणि मनश्शे धरतात.

आता खरी गंमत, वंशावळीचा कागद नसेल तर काय? बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले तेव्हा तीन याजक घराण्यांना आपली नोंद सापडेना. त्यातल्या एकाच्या पूर्वजाने गिलाद प्रांतातल्या बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न करून सासऱ्याचंच नाव लावलेलं. झालं, याजकपणातून बाहेर, आणि उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) घेतलेला याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नाला हात लावायचा नाही असा प्रांताधिकाऱ्याचा हुकूम. त्याच्या कितीतरी आधी राजा उज्जीया धूप जाळायला मंदिरात घुसला तर याजकांनी त्यालाही अडवलं होतं, तो पडला यहूदा वंशाचा, मग गादीवर असला म्हणून काय झालं.

आणि त्या परतलेल्यांच्या यादीत याजक 4289 पण लेवी फक्त 74, गायक आणि द्वारपाळ वेगळे मोजलेत तरीही! पुढे एज्रा हा याजक आणि शास्त्री बाबेलहून आणखी लोक घेऊन निघाला तेव्हा अहवा नदीकाठी तीन दिवस मुक्काम होता, त्याने माणसं तपासली तर एकही लेवी नाही, मग कासिफ्या नावाच्या ठिकाणी निरोप धाडून कसेबसे 38 जण गोळा केले. हलक्या दर्जाच्या कामासाठी बसलेली घडी मोडून कोण येणार, असं मला वाटतं.