पहिला मान कुणाला?

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, "मामा, आमची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, जूनमध्ये. तोवर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरूनसुद्धा जातो." ही रीत सुधारत का नाहीत?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मामा, भाच्याची तक्रार रास्त आहे. पण आधीची रीत याहून वाईट होती. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, आणि शिकागोत पक्षाच्या अधिवेशनाबाहेर निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. मग पक्षाच्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले, निवड मतदारांकडे गेली. (आपल्याकडे तिकीट कुठून येतं, ते देवगडकरांना मी काय सांगू!)

अडलंय ते क्रमावर. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारी, यावरून मानकरी जसे हटून बसतात, तसंच तिथे. न्यू हॅम्पशायरने तर आपली प्रायमरी पहिली असेल असा कायदाच केलाय. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ला पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला, तरी न्यू हॅम्पशायरने आधीच मतदान उरकलं. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं; लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं.

राज्यांच्या गटांनी आळीपाळीने आधी मतदान करावं, अशी जुनी सूचना आहे. मला मेन राज्याची पद्धत जास्त पटते : मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. नाहीतर दहा जण उभे राहिले, की निम्म्याहून कमी मतांतही एखादा पुढे निघून जातो. २०१६ला रिपब्लिकन पक्षात तेच झालं.