दारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय मित्रा,

“सर, सिगरेटनं फुप्फुसं जातात हे कळलं, पण कंबरेचा काय संबंध?” असं काल दारातून विचारलंस आणि उत्तराला थांबला नाहीस. खिशातलं पाकीट मला दिसलं होतं. म्हणून लिहितोय.

तू गेल्यावर तुझी एमआरआयची फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली. मणक्यांमधल्या गाद्यांपैकी (डिस्क) वरच्या पांढुरक्या, पाणीदार. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली तेवढी काळवंडलेली. गादीतलं पाणी आटलं की ती अशी दिसते. हे सगळं सिगरेटनंच केलं असं मी म्हणणार नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि तुझं तासन्‌तास वाकून बसणंही आहेच.

पण या गादीची एक अडचण आहे. तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरच्या-खालच्या मणक्यांतल्या केशवाहिन्यांमधून, कूर्चेच्या पातळ थरातून जे झिरपेल त्यावर तिचं भागतं. सुखाच्या दिवसांतही पोटापुरतंच. त्यात निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीनं चिकटतो. म्हणजे रक्त येतं कमी, आणि येतं तेही अर्ध्या रिकाम्या हातानं. प्रयोगशाळेत असंही दिसलंय की निकोटिनमुळे गादीतल्या पेशी प्रोटिओग्लायकॅन कमी बनवतात. पाणी धरून ठेवणारा पदार्थ तोच.

१९९१ साली फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीतला एक सिगरेट ओढणारा, दुसरा न ओढणारा. ओढणाऱ्यांच्या कंबरेच्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली. जनुकं तीच, त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय नाही. जोड्या मोजक्याच होत्या, तरी मला हा अभ्यास पटतो.

“मग व्हेप (ई-सिगरेट) घेतो” म्हणशील. त्यात कार्बन मोनॉक्साइड फारसा नसतो, पण बहुतेकांत निकोटिन असतंच. सोडण्यासाठी डॉक्टरांनी ठरावीक काळापुरता निकोटिनचा पॅच किंवा गम दिला, तर ती गोष्ट वेगळी. त्याला मी आडकाठी करणार नाही.

खोकलं की पायात कळ जाते म्हणालास ना? खोकल्यानं गादीवरचा दाब एकदम वाढतो. आणि तो सकाळचा खोकला तुला कशानं लागलाय, ते तुला माहीत आहे. उद्या मणके जोडायची शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर ओढणाऱ्यांचं हाड जुळून यायला जास्त त्रास देतं. त्यामुळे बरेच सर्जन आधी सिगरेट बंद करायला लावतात.

आटलेली गादी पुन्हा भरेल, असं खोटं आश्वासन देत नाही. पण पाठीच्या कण्यात एकूण २३ गाद्या आहेत, बाकीच्या तरी जपू. मीही कित्येक वर्षं नुसते व्यायामच शिकवत राहिलो. सिगरेटचं विचारायला उशिरा शिकलो.

पुढच्या वेळी येताना एवढंच लिहून आण: उठल्यापासून पहिली सिगरेट किती मिनिटांनी पेटवतोस. अर्ध्या तासाच्या आत असेल, तर नुसत्या निश्चयावर भागणं कठीण. औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलू. व्यायाम चालू ठेव, पुढे वाकायचा सोडून.

तुझा,
सर