नवं आलेलं पुस्तक कितवं आहे ते बघा, शिक्का नंतर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि २०१७चा मार्च महिना डोळ्यापुढं उभा राहिला. गणेश मंडळानं कॉलेजच्या वाचनकट्ट्याला आठ हजार रुपये दिलेत. जिंतूरला इंग्रजी विज्ञानकथा नि फँटसीची नवी पुस्तकं हातात घेऊन बघायला मिळत नाहीत, म्हणून 'नवीन आगमन'च्या यादीतली मुखपृष्ठं बघून तुम्ही सहा पुस्तकं काढलीत, सोमवारी पैसे भरणार आहात, आणि आणखी काय घ्यावं असं विचारलंय. आणखीचं नंतर बघू. सोमवारी पैसे भरू नका. तुमच्या सहातली तीन पुस्तकं मालिकेच्या मधली नाहीतर शेवटाकडची आहेत.

माझं सांगायचं तर मी कृषी सेवा केंद्र चालवतो, साहित्याचा प्राध्यापक नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका 'क' वर्गाच्या वाचनालयाचा बरीच वर्षं सचिव होतो, एवढाच अधिकार. तेव्हाचे नियम आता बदलले असतील, त्यामुळं कागदपत्रांबाबत माझ्या भरवशावर राहू नका. पुस्तकांबाबत थोडं राहिलात तरी चालेल.

झालं असं की आमच्या अनुदानाचा दुसरा हप्ता मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आला. एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवायचा. अशा वेळी पुस्तकं कशी निवडली जातात ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. तेव्हाच्या औरंगाबादहून यादी आली होती, त्यात जिथं २०१६ साल दिसलं तिथं मी बोट ठेवत गेलो. नवं म्हणजे चांगलं, शिवाय तपासणीत 'अद्ययावत ग्रंथखरेदी' असं लिहिता येतं. एसटीच्या पार्सलनं खोकं आलं. आमच्या सेवकानं त्याच दुपारी जांभळ्या शाईचा शिक्का काढला आणि नेहमीप्रमाणं पुस्तकाच्या नावाच्या पानावर, सतराव्या पानावर (ते आमचं गुप्त पान) आणि शेवटच्या पानावर ठाप ठाप मारत गेला. मागं खळ लावून तारखेची चिठ्ठी डकवली. दाखल नोंदवहीत नंबर पडले. मी शेजारी बसून चहा पीत होतो आणि मला त्या आवाजाचंसुद्धा कौतुक वाटत होतं.

रात्री लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाचं 'डेथ्स एंड' घरी नेलं. सुरुवात १४५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलला. शहराला तुर्कांचा वेढा पडलाय आणि एका बाईला अचाट चमत्कार करता येतात. म्हटलं, वा, थेट इतिहासापासून गाडी सुरू केलीय, बैठक मोठी दिसते. साठेक पानं गेली आणि 'वॉलफेसर' म्हणजे काय हे साऱ्या गावाला ठाऊक असल्यासारखी माणसं बोलायला लागली. मी मागची पानं उलटून शोधतोय, आपलंच लक्ष नव्हतं की काय. मग नावाचं पान नीट वाचलं. तिसरा भाग. पहिला 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', जो इंग्रजीत २०१४ला आला आणि ज्याला २०१५चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार मिळाला. दुसरा 'द डार्क फॉरेस्ट'. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी वाचनालयात जाऊन बाकीची तपासली. एन. के. जेमिसिनचं 'द ओबेलिस्क गेट', दुसरा भाग. एक जाडजूड फँटसी, चौथा भाग. तिचं नाव सांगत नाही, ती मालिका अजून संपायची आहे.

विक्रेता भला माणूस. म्हणाला, बदलून देतो, पुढचा माल जाईल त्यात पहिले भाग घालतो, फक्त शिक्का नसावा. इथं आम्ही मेलो.

मग मी एका कार्यालयात गेलो. कोणतं ते विचारू नका, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. म्हटलं, ही तीन पुस्तकं नोंदवहीतून काढून त्याच किमतीची दुसरी घ्यायची आहेत. समोरच्यांनी विचारलं, फाटलीत का? नाही. वाळवी? नाही. हरवली? नाही साहेब, ही बघा, हातात आहेत. मग अडचण काय? मी म्हटलं, हा तिसरा भाग आहे, पहिले दोन नाहीत. ते म्हणाले, वाचता येतो ना? यावर काय बोलणार माणूस. नोंद झालेला ग्रंथ निर्लेखनाशिवाय, म्हणजे नोंदवहीतून रीतसर रद्द केल्याशिवाय, निघत नाही आणि निर्लेखनाच्या कारणांत 'मधला भाग' असं कारण बसत नाही. नियम म्हणून बरोबरच असेल. पण मग पहिले भाग पुढच्या वर्षी घेतो म्हटल्यावर त्यांनी लेखी प्रस्ताव मागितला, आणि खरी मजा तिथं झाली. मी यादीत लिहिलं होतं: 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आणि जेमिसिनच्या मालिकेतलं 'द फिफ्थ सीझन'. टिप्पणी आली की आपण पहिले भाग मागत असल्याचं नमूद करता, परंतु सदर यादीत तिसरा व पाचवा भाग दिसून येतो, खुलासा करावा.

खुलासा केला. नावात थ्री असलं तरी तो पहिला आहे, नावात फिफ्थ असलं तरी तोही पहिलाच आहे. खुलाशावर पुन्हा विचारणा, एकाच संचाचे भाग वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या बिलांवर का? चौदा महिने गेले. हेलपाटे आणि पेट्रोल धरलं तर तेवढ्यात तिन्ही मालिका स्वतःच्या खिशातून आणल्या असत्या. शेवटी तसंच केलं. पहिले भाग आजही माझ्या घरच्या कपाटात आहेत आणि तिसरा वाचनालयात.

पैशांचं एक वेळ सोडा. आमच्याकडं बी.एस्सी.ला असलेला एक पोरगा यायचा, नारळीकर सगळे वाचून झालेले, आता इंग्रजी द्या म्हणून मागं लागलेला. मी औंढ्याहून परत येईपर्यंत सेवकानं त्याला 'डेथ्स एंड' देऊन टाकलं होतं. चौथ्या दिवशी परत आणून ठेवलं. "काका, ह्यात काहीच कळंना. मधूनच सुरू व्हायलंय." मी समजावलं, पण त्याच्या मनानं घेतलं की आपलंच इंग्रजी कच्चं आहे. पुन्हा त्या कपाटाकडं वळला नाही. त्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर अजून ती एकच तारीख आहे.

आता तुमची यादी.

'विंड अँड ट्रुथ', ब्रँडन सँडरसन, डिसेंबर २०२४. स्टॉर्मलाइट मालिकेचा पाचवा खंड, हजाराच्या वर पानं. सुरुवात 'द वे ऑफ किंग्ज'पासून, ते २०१०चं. पाचही विटा आणल्या तर तुमचे निम्मे पैसे एकाच माणसाकडं जातील. माझं स्पष्ट मत, वाचनकट्ट्यासाठी ही मालिका घेऊच नका. ज्याला चटक लागेल तो स्वतः घेईल.

जेफ व्हँडरमीरचं 'ॲब्सोल्यूशन', तेही २०२४चं. आधीचे तीन भाग एकाच वर्षी, २०१४ला आले होते, आणि दहा वर्षांनी हा चौथा. पहिला 'ॲनायलेशन' छोटासा आहे आणि एकटा वाचला तरी पोट भरतं. चौथ्याच्या पैशांत तो आणा.

'अ ड्रॉप ऑफ करप्शन', रॉबर्ट जॅक्सन बेनेट, २०२५. हा दुसरा भाग. पण इथं तुमची नजर चांगली आहे, कारण पहिला, 'द टेंटेड कप', हाच मी तुम्हाला सगळ्यात आधी सुचवला असता. २०२५चा ह्यूगो त्यालाच मिळालाय. डोळ्यांवर पट्टी बांधून बसणारी एक विक्षिप्त तपास अधिकारी, पाहिलेलं काहीही न विसरणारा तिचा मदतनीस, आणि एक प्रेत ज्याच्या अंगातून झाड उगवलंय. बाहेर समुद्रातून अजस्र प्राणी येतात म्हणून साम्राज्यानं भिंती बांधल्यात. रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाला फँटसीत ओढायचं असेल तर असं पुस्तक लागतं. प्रत्येक भागात एक प्रकरण पूर्ण होतं, म्हणून दोन्ही घ्या, पण दोन्ही एकदम घ्या.

उरलेली तीन स्वतंत्र आहेत. 'द मिनिस्ट्री ऑफ टाइम' (२०२४) हे कॅलिएन ब्रॅडलीचं पहिलंच पुस्तक. १८४५ला उत्तर ध्रुवाकडं निघून बर्फात गडप झालेल्या ब्रिटिश मोहिमेतला ग्रॅहम गोर हा अधिकारी खरोखर होऊन गेला. त्याला एक सरकारी खातं उद्याच्या लंडनमध्ये उचलून आणतं आणि त्याच्या देखरेखीला एक कर्मचारी नेमतं. काळप्रवास सरकारी खात्याच्या हातात गेला की काय होतं, ते मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. मात्र त्यात प्रेमाचे काही प्रसंग मोकळेढाकळे आहेत. अकरावी-बारावीच्या पोरांच्या हाती द्यायच्या आधी स्वतः वाचा, नाहीतर एखादा पालक मुख्याध्यापकांच्या टेबलावर पुस्तक आपटेल आणि सगळं कपाटच बंद होईल.

आर. एफ. क्वांगचं 'कटॅबसिस' (२०२५). केंब्रिजचे दोन संशोधक विद्यार्थी आपल्या मेलेल्या गाइडला परत आणायला नरकात उतरतात. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला आणि शेवटी त्यानं मागितलं ते ज्ञान. हे दोघं जातात ते शिफारसपत्रासाठी. गाइडच्या सहीसाठी ज्यांनी विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना हसू येईल आणि मध्येच थांबेलही. हेही मोठ्यांचंच पुस्तक, आणि तर्कशास्त्राचे खेळ फार आहेत. मला मधली शंभर पानं जड गेली, खोटं कशाला सांगू.

'ऑर्बिटल' समँथा हार्वीचं, २०२४चं बुकर मिळालेलं. अवकाश स्थानकातली सहा माणसं, एक दिवस, पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा. भाषा सुंदर, पानं कमी. पण 'अवकाशातली गोष्ट' म्हणून मुलांना दिलंत तर ती विचारतील, मॅडम, घडतं कधी? तिला विज्ञानकथा म्हणावं की नाही यावर माझा नि एका मित्राचा अजून वाद चालू आहे. शिक्षकांच्या टेबलासाठी घ्या.

तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून एक जुनं सुचवतो, अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी', २०२१चं. अंतराळयानात एकटा जागा झालेला माणूस, स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही, आणि हळूहळू कळतं की हा शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर आहे. तो एकेक गोष्ट मोजून, प्रयोग करून शोधतो. इंग्रजी सोपं आहे. माझ्या त्या बी.एस्सी.च्या पोराला हे द्यायला हवं होतं, पण तेव्हा ते लिहिलंच गेलं नव्हतं.

आपल्या इकडच्या मातीचं हवं असेल तर लावण्या लक्ष्मीनारायण यांचं 'द टेन पर्सेंट थीफ' बघा, उद्याच्या बेंगळुरूमध्ये माणसांची गुणवत्तेच्या आलेखावरून वाटणी केलेली. आणि श्रीलंकेचे वज्र चंद्रसेकेरा, 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३). पोरगं जन्मल्याबरोबर त्याची आई पितळेच्या खिळ्यानं त्याची सावली जमिनीला ठोकते आणि उपटून टाकते, अशी सुरुवात. नेब्यूला पुरस्कार आहे त्याला, तोही ह्यूगोसारखाच विज्ञानकथा-फँटसीचा. अवघड आहे, पण बुद्धाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला त्यातले काही धागे परदेशी वाचकापेक्षा लवकर सापडतील.

इथं आणखी एक खड्डा. एकच पुस्तक दोन नावांनी येतं. 'द टेन पर्सेंट थीफ' भारतात २०२०ला आधी 'ॲनालॉग/व्हर्च्युअल' नावानं आलं होतं. समित बसूंचं 'चोझन स्पिरिट्स' तेच परदेशात 'द सिटी इनसाइड'. यादीत दोन्ही दिसली तर दोन घेऊ नका.

मराठीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मराठीतली नवी विज्ञानकथा आधी दिवाळी अंकांत येते, पुस्तक नंतर होतं किंवा होतच नाही. 'धनंजय', 'नवल' असे अंक मे महिन्यात रद्दीत जायच्या आधी मिळवा आणि बाइंडिंग करून ठेवा. आठ हजारांतले सहाशे-सातशे त्यावर घालवले तरी चालतील. नारळीकर तर पाहिजेतच, 'यक्षांची देणगी'पासून. मे २०२५ला ते गेले तेव्हा आमच्याकडं चार जणांनी एकाच दिवशी तेच पुस्तक मागितलं. मुलांना हा किस्सा सांगा: १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. पहिलं बक्षीस मिळालं.

जाता जाता. ज्या 'डेथ्स एंड'नं मला एवढं छळलं, त्यात गुरुत्वीय लहरींनी अवकाशात संदेश पाठवणारी यंत्रणा आहे. मी ते वाचलं तेव्हा ती निव्वळ कल्पना वाटली. आता तुमच्या जिंतूरहून एसटीनं जाता येईल अशा औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. ती संदेश पाठवणार नाही, नुसतं ऐकणार. मुलांना एकदा त्या बाजूला नेऊन आणा, आत सोडोत न सोडोत, आणि परत आल्यावर 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' हातात द्या. पहिला भाग, बरं का.

तुमचं खोकं येईल तेव्हा शिक्का कपाटात कुलपात ठेवा आणि दोन दिवस नुसती पानं चाळा. पानं कोरी, उलटी, दोनदा लागलेली निघतात, तीही तेव्हाच कळतात. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', 'द डार्क फॉरेस्ट' आणि 'द फिफ्थ सीझन' विकत घेऊ नका, माझी तशीच पडून आहेत, कुठलाच शिक्का नाही. हळदीच्या मार्केटला पुढच्या आठवड्यात येणं झालं तर बसस्टँडवर देतो, नाहीतर पार्सल करतो. भाडं तेवढं तुम्ही भरा.